चाकांवरच्या घरातील विजेचा जमाखर्च

पोटापाण्याचा कोणताही हेतू मनात न धरता, केवळ हौसेखातर चाकांवरच्या घरातून देशाटन करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये ज्याने लोकप्रिय केली, तो विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा गृहस्थ ब्रिटिश नौदलातील माजी शल्यचिकित्सक असून मुलांसाठी साहसकथा लिहिण्याबद्दल प्रसिद्ध होता. १८८५ साली त्याने ब्रिस्टल येथील एका कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची, दोन घोड्यांनी ओढावयाची प्रशस्त गाडी बांधवून घेतली आणि तीत बसून तो बर्कशायर परगण्यातून निघून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. त्याला घोड्यांच्या चंदीची विवंचना होती; विजेची नव्हती, कारण वीज त्या गाडीत नव्हतीच. पुढे १९०७ साली अशा हौशी प्रवाशांचा कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला, १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडावयाची गाडी बाजारात आणली, आणि तेव्हापासून घोड्याची चंदी संपून निराळ्याच एका खाद्याची चिंता हळूहळू या छंदाला चिकटत गेली.

आजच्या ब्रिटिश कॅराव्हॅनमध्ये दिवे, पाण्याचा पंप, खोली उबदार ठेवणाऱ्या यंत्राचा पंखा, दूरदर्शन संच, चोरीची सूचना देणारा भोंगा, इतकेच नव्हे तर गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटाची नियंत्रणव्यवस्थादेखील १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर अवलंबून असते. ही बॅटरी वीज उत्पन्न करीत नाही. ती केवळ खजिना सांभाळते, आणि खजिन्यात जमा किती, खर्च किती व शिल्लक किती, याची खतावणी जो ठेवीत नाही त्याचे दिवाळे बहुधा दुसऱ्या रात्री, पाऊस कोसळत असताना निघते.

खर्चाची बाजू प्रथम पाहू. एलईडी जातीचा ३ वॅटचा दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे असे सहा दिवे चार तास जळले तर ६ अँपिअर-तास खर्ची पडतात. पाण्याचा पंप चालू असताना ४ अँपिअर घेतो खरा, पण दिवसभरात तो सारा मिळून पाव तासच चालतो, म्हणून त्याच्या नावे एकच अँपिअर-तास लिहावा. उष्णता पसरविणारा पंखा मात्र दिसावयास गरीब असून खावयास मोठा. थंडीच्या रात्री दहा तास तो सरासरी एक अँपिअरने फिरला तर दहा अँपिअर-तास गेले. दूरदर्शन तीन तास पाहिल्यास सात-आठ, आणि भ्रमणध्वनी वगैरेंचे किरकोळ दोन-तीन धरले, म्हणजे एका काटकसरी कुटुंबाचा रोजचा खर्च २५ ते ३० अँपिअर-तासांच्या घरात जातो.

आता जमेकडे वळावे, तर बॅटरीच्या अंगावर ११० अँपिअर-तास असा आकडा छापलेला असतो आणि भोळा ग्राहक त्याला चारने भागून चार दिवसांची बेगमी झाली असे समजतो. त्या आकड्याला दोन अटी असतात. पहिली अशी की, तो वीस तासांच्या मुदतीवर मोजलेला असतो. म्हणजे साडेपाच अँपिअरने हळूहळू वीज काढली तरच तो आकडा भरतो, आणि घाईने काढू लागल्यास हाती कमी पडते, ही गोष्ट पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच सूत्रबद्ध करून ठेवलेली आहे. दुसरी अट अधिक कडक आहे: शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढणे म्हणजे मुदलाला हात घालणे होय. तेव्हा ११० मधील ५५ तेवढे खर्चावयाचे, आणि ते दोन रात्रींत आटोपतात.

असे का व्हावे हे समजण्यासाठी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १८५९ साली शोधून काढलेल्या या घटाच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे. गंधकाम्लाच्या सौम्य द्रावणात एक पट्टी सच्छिद्र शिशाची आणि दुसरी लेड डाय-ऑक्साइडची अशा दोन पट्ट्या उभ्या असतात. वीज काढली जात असताना दोन्हींचे पृष्ठभाग लेड सल्फेटमध्ये रूपांतरित होतात आणि द्रावणातील आम्ल खर्ची पडून ते पाण्याकडे झुकते. पुन्हा वीज भरली की ही क्रिया उलट फिरते, परंतु ती वेळेवर भरली तरच. कोवळे असेतोपर्यंत सल्फेटचे कण सहज विरघळतात. आठवडेच्या आठवडे तसेच पडून राहिले म्हणजे त्यांचे टणक स्फटिक बनतात, ते मग कोणत्याही चार्जरला दाद देत नाहीत, आणि तेवढा भाग खजिन्यातून कायमचा बाद होतो. माझ्या मते कॅराव्हॅनमधील बहुसंख्य बॅटऱ्या वापराने मरत नाहीत; त्या अर्धपोटी राहून मरतात. सुटी संपवून आलेला मालक कपडे धुतो, भांडी विसळतो, गाडीला कुलूप लावतो आणि निम्मी रिती झालेली बॅटरी पुढच्या सुटीपर्यंत विसरून जातो.

म्हणून शिल्लक पाहण्याची सवय हवी. सहा घटांची ही बॅटरी पूर्ण भरलेली असून काही तास निवांत पडलेली असेल, तर व्होल्टमापक सुमारे १२.७ दाखवितो, १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२ च्या खाली गेलेली बॅटरी त्याच दिवशी भरावयास लावावी. मात्र चार्जर काढल्याबरोबर घेतलेले मोजमाप नेहमीच खुशामतखोर असते, त्यावर भिस्त ठेवू नये.

विकत घेताना मोटार सुरू करण्यासाठीची बॅटरी आणि घरवापराची बॅटरी यांत गल्लत करू नये. पहिलीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर शेकडो अँपिअर द्यावयाचे असून लगेच अल्टरनेटरकडून भरपाई व्हावयाची असते. दुसरीतील पट्ट्या जाड असतात आणि त्या सावकाश, खोलवर होणारा उपसा सहन करतात. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात, आणि लेबलावरील आकडे नेहमी प्रामाणिक असतातच असेही नाही. म्हणूनच ब्रिटनमधील नॅशनल कॅराव्हॅन कौन्सिलने तपासणी करून बॅटऱ्यांना ए, बी व सी अशा प्रतवाऱ्या देण्याची योजना काढली. मुक्कामाच्या तळावरील विजेच्या खांबापासून दूर राहणाऱ्यांसाठी ए. गाडी जागेवर सरकविण्याची मोटर बसविलेल्यांसाठी, कारण ती थोड्या वेळात भरमसाट प्रवाह ओढते, बी. आणि बहुतेक रात्री खांबाच्या आश्रयाने काढणाऱ्यांसाठी सी.

बसविण्याच्या कामात दोन गोष्टींचा बंदोबस्त प्रथम करावा लागतो: वायूचा आणि वजनाचा. भरणीच्या अखेरीस शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पेटी बाहेरून उघडणारी, आतील खोलीपासून बंदिस्त आणि हवा खेळती राहील अशी केलेली असते. त्याच पेटीत गॅसची टाकी ठेवण्याचा शहाणपणा काहीजण करतात, त्यांना नमस्कार असो. वजनाचा प्रश्न असा की, शिशाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी २५ किलोच्या आसपास भरते, आणि कॅराव्हॅनमध्ये सामानासाठी कायद्याने मोकळे ठेवलेले वजन पुष्कळदा दीडशे किलोच्या आगेमागेच असते. शिवाय मोटारीच्या जोडावर पडणारा भार एकूण वजनाच्या शेकडा ५ ते ७ असावा, असा संकेत आहे. बॅटरी अगदी पुढे किंवा अगदी मागे ठेवली तर हा तोल बिघडून भरधाव गाडी रस्त्यावर डुलू लागते. आसाजवळची जागा सर्वांत उत्तम, आणि तेथे पट्ट्याने ती घट्ट जखडली पाहिजे. तारा जोडताना धन टोक आधी, ऋण टोक शेवटी. सोडविताना नेमके उलट.

तारेच्या जाडीबद्दल लोक जितकी बेफिकिरी दाखवितात तितकी दुसऱ्या कशाबद्दल दाखवीत नसतील. घरातील २३० व्होल्टपैकी एक व्होल्ट वाटेत गळाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. १२ पैकी एक गळाला म्हणजे बॅटरी कधी पूर्ण भरावयाचीच नाही. २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ६ मीटर नेली, जाऊन-येऊन १२ मीटर झाली, आणि तीतून १० अँपिअर प्रवाह सोडला, तर ०.८ व्होल्ट तारेतच खर्च होतो. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही गळती ०.२ व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका निकट असावा, कारण त्याचे काम उपकरण वाचविणे नसून तार पेटू न देणे हे आहे.

भरणीचे मार्ग तीन. पहिला व सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे तळाच्या जागेवरील खांबाला निळी, तीन टोकांची पिन जोडून घेतलेली २३० व्होल्टची वीज. गाडीतील चार्जर तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून प्रथम मोठ्या प्रवाहाने, मग १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर दाबाने आणि शेवटी १३.५ च्या सुमारास केवळ राखणीपुरती वीज देतो. हा मधला टप्पा कित्येक तास घेतो. जुन्या गाड्यांतील साधे चार्जर १३.८ वर थांबत, आणि त्यांच्या बॅटऱ्या भरल्यासारख्या दिसूनही कधी पुरत्या भरत नसत.

दुसरा मार्ग ओढणाऱ्या मोटारीचा. युरोपातील १३ टोकांच्या जोडणीत नवव्या टोकावर कायमचा पुरवठा असतो आणि दहाव्यावर मोटार चालू असतानाच वीज येते. त्या दहाव्यावर प्रवासात शीतकपाट चालते. हे उष्णतेवर चालणारे, आवाज न करणारे शीतकपाट १९२२ साली फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघा स्वीडिश विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघाले. पण विजेवर ते दहा अँपिअरहून अधिक खाते, म्हणून इंजिन थांबताच रिले त्याची वीज तोडतो. अलीकडच्या मोटारींचा अल्टरनेटर इंधन वाचविण्यासाठी स्वतःची बॅटरी भरली की दाब खाली आणतो, मग मागच्या गाडीतील बिचारीला वाली उरत नाही. मधे एक डीसी-टू-डीसी चार्जर बसविला की तो येईल त्या दाबाला उचलून १४.४ पर्यंत नेतो.

तिसरा मार्ग सूर्याचा. १०० वॅटचे पॅनेल इंग्लंडच्या दक्षिणेस जूनच्या स्वच्छ दिवशी साधारण ३० अँपिअर-तास देते, म्हणजे आपल्या काटकसरी कुटुंबाचा खर्च भागतो. डिसेंबरात मात्र त्याच्या एक-पंचमांशाचीही शाश्वती नसते.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी या साऱ्या हिशेबात नवा अध्याय आहे. तिचे मूळ संशोधन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात झाले. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना लिथियम बॅटऱ्यांच्या कार्याबद्दल वयाच्या ९७ व्या वर्षी विभागून मिळाले. तेवढ्याच क्षमतेची ही बॅटरी निम्म्या वजनात बसते, जवळजवळ तळापर्यंत वापरता येते आणि अर्धपोटी राहिल्याने बिघडत नाही. परंतु पारा शून्य अंशाखाली असताना ती भरू नये, नाहीतर आत धातुरूप लिथियमचा थर साचतो. आणि गाडीतील जुना चार्जर तिला मानवेल की नाही, हे पाहिल्यावाचून ती आणू नये.

ब्रिटनमधील गाडी हिवाळाभर उभी असते तेव्हा चोरीचा भोंगा २० मिलिअँपिअर घेत बसतो. महिन्याला १४ अँपिअर-तास, चार महिन्यांत निम्म्याहून अधिक बॅटरी. रित्या बॅटरीतील द्रावण पाण्यासारखे होऊन उणे सात-आठ अंशांतच गोठू शकते, भरलेल्या बॅटरीला तसे भय नाही. म्हणून जाणते लोक हिवाळ्यात बॅटरी घरी आणून चार्जरवर ठेवतात.

आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे शिक्षण आपल्या घराघरांत झालेलेच आहे. इकडे शत्रू थंडी नव्हे, उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा व्यवहारातील आडाखा आहे. शिवाय २५ अंशांसाठी योग्य असलेला १४.४ व्होल्टचा दाब ४० अंशांना जास्त ठरतो व पाणी उडून जाते. दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी करावयाचे, म्हणजे विदर्भातील मे महिन्यात तो १४ च्या आसपास हवा. तेव्हा चार्जर घेताना बॅटरीच्या अंगाला चिकटवावयाची, तापमान सांगणारी तार त्यासोबत आहे की नाही, हे दुकानातच विचारून घ्यावे.