वऱ्हाडचा ‘ऱ’ मोडला!

जऊळक्याहून बातमी धाडायची तर पूर्वी कागद, पाकीट अन् टपाल. आता मोबाईल आला, पण डोक्याचा ताप काही गेला नाही. परवा ‘वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांचे सोयाबीन’ लिहून पाठवलं. छापून आलं ‘वर्हाडातल्या शेतकर्यांचे’! आपलीच दोन नावं, दोन्ही मोडली.

मोबाईल युनिकोडमध्ये लिहितो. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. छपाईच्या जुन्या फॉन्टात अक्षरांचा हिशेब निराळा. बदलताना जोडाक्षर घसरतं.

कधी चूक आपलीही असते बरं का! साधा ‘र’ जोडला की रफार होतो. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, हलन्त द्या, मग ‘ह’ किंवा ‘य’. ग्रामपंचायतीतल्या भाऊंनो, अर्जावर ‘कऱ्हाळे’चं ‘कर्हाळे’ झालं, तर हेलपाटे शेतकऱ्यालाच पडतात.