एका जुन्या मोटारीची ओळख



एखाद्या मोटारीची किंमत एक कोटी पौंड ठरावी आणि पैसे देण्याची वेळ येतांच खरीददारानें ‘ही ती मोटारच नव्हे’ असें म्हणावें, असा एक विलक्षण खटला इंग्लंडांत १९९० सालीं चालला. त्या मोटारीचें नांव ‘ओल्ड नंबर वन’. तिच्या निमित्तानें न्यायासनापुढें जो प्रश्न आला, तो मोटारींची आवड नसणाऱ्यांनाहि विचार करावयास लावील असा आहे. म्हणून आज तिचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडांत १९१९ ते १९३० या काळांत तयार झालेल्या मोटारींना ‘विंटेज’ म्हणतात. हा शब्द द्राक्षासवाच्या व्यापारांतून आला. अशा मोटारींमध्यें बेंटले कंपनीच्या गाड्यांचा मान फार मोठा. डब्ल्यू. ओ. बेंटले यांनीं ही कंपनी १९१९ सालीं काढली. तिच्या गाड्या उत्तम होत. हिशेब मात्र कधीं नीट जुळला नाहीं. किंबर्ले येथील हिऱ्यांच्या व्यापारांत अमाप धन मिळविलेल्या बापाचा मुलगा वुल्फ बार्नाटो यानें कंपनींत पैसा ओतला आणि तो तिचा अध्यक्ष झाला. पण नुसत्या अध्यक्षाच्या खुर्चींत बसून समाधान मानणारा हा गृहस्थ नव्हता. तो स्वतः शर्यतींत मोटार हांकीत असे, व ती फार चांगली हांकीत असे.

फ्रान्समधील ल मां या गांवाजवळ १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होऊं लागली. तेव्हां एका गाडीस दोन चालक असत. एकानें थकावें व दुसऱ्यानें बसावें. दिवस, रात्र, पाऊस, धुकें, कशाचीहि सवलत नाहीं. ठराविक वेळांत जी गाडी सर्वांत अधिक अंतर कापील ती विजयी. १९२९ सालीं बेंटलेनें ‘स्पीड सिक्स’ जातीची नवी गाडी तेथें उतरविली. एंजिन सहा नळकांड्यांचें, साडेसहा लिटरांहून थोडें अधिक क्षमतेचें. गाडीवर आंकडा होता एक. बार्नाटो व सर हेन्री बर्किन यांनीं तिच्यांतून चोवीस तासांत सुमारें २८४० किलोमीटर अंतर काटलें. पहिले चारहि क्रमांक त्या वर्षीं बेंटलेनेंच पटकाविले. पुढच्या वर्षीं, १९३० सालीं, जर्मनीचा प्रख्यात चालक काराच्चिओला मर्सिडीज घेऊन आला. त्याच्या पाठलागांत रात्र गेली. मध्यरात्रीनंतर मर्सिडीज बिघडून बाद झाली, आणि बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांनीं त्याच ‘नंबर वन’मधून पुन्हां जय मिळविला. एकाच गाडीनें लागोपाठ दोन वर्षें ही शर्यत जिंकणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण ‘त्याच गाडीनें’ म्हणजे कोणत्या? येथेंच सारी गोम आहे. शर्यतीची मोटार ही कपाटांत ठेवावयाची चांदीची वाटी नव्हे. प्रत्येक हंगामापूर्वीं ती सबंध उकलतात. झिजलेलें काढतात, मोडलेलें फेकतात, अधिक चांगलें सांपडेल तें बसवितात. पहिल्या दिवसाचा खिळा न् खिळा जपत बसणारा शर्यत हरेल.

१९३१ सालीं मंदीच्या तडाख्यांत बेंटले कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. गाडीचें धांवणें मात्र थांबलें नाहीं. सरे परगण्यांतील ब्रुकलँड्स येथें काँक्रीटचा शर्यतमार्ग होता. त्याच्या वळणांवर रस्ता उंच बांधासारखा कललेला असे, म्हणजे भरवेगांतहि गाडी वळून जावी. तेथील पांचशें मैलांची शर्यत १९३१ सालीं या गाडीनें जॅक डनफी व सिरिल पॉल यांच्या हातीं जिंकली. पुढच्या वर्षीं तिच्यांत आठ लिटरांचें अजस्र एंजिन घातलें आणि त्यासाठीं सांगाडाहि वेगळा घेतला. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं त्याच शर्यतींत जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी यानें भावाकडून गाडी हातीं घेतली. थोड्याच वेळांत ती बांधाच्या वरच्या कडेवरून निसटून पलीकडे झाडींत कोसळली. क्लाइव्ह ठार झाला.

बार्नाटोनें त्या अवशेषांवर बंद छपराची, रस्त्यावर वापरावयाची गाडी बांधून घेतली. पुढें मालक बदलत गेले आणि अखेरीस एका मालकानें तिला पुन्हां ल मांच्या विजयी गाडीचें उघडें रूप दिलें. आपण देवळाचा करतों तसा हा जीर्णोद्धारच म्हणावयाचा. एप्रिल १९९० मध्यें मिडलब्रिज सिमिटर या कंपनीनें ती एक कोटी पौंडांस घेण्याचा करार केला, मग शंका काढली, आणि प्रकरण न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें गेलें.

न्यायमूर्तींनीं गाडीची तपासणी एखाद्या वैद्यानें शवाची करावी तशी केली. १९२९ च्या गाडीचें, काळ ठरवितां न येणाऱ्या किरकोळ जोडकामाखेरीज, कांहींच उरलें नव्हतें. १९३० च्या गाडीचे तीन भाग निघाले : पेडलांचा दांडा, गिअरपेटीचें कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. सांगाडा, पुढचा आंस व इतर पुष्कळसें सामान होतें तें १९३२ चें. म्हणजे जिनें कीर्ति मिळविली त्या गाडीचें लोखंड जवळजवळ संपलें होतें; उरलें होतें तें क्लाइव्ह डनफीला मृत्यूकडे नेणाऱ्या गाडीचें. विकणाऱ्यानें जयाच्या नांवावर पैसा मागितला, पण हातांत दिली ती बव्हंशीं अपघाताची धातू. ही विसंगति मला या सर्व प्रकरणांत अधिक बोंचते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, कीं रथ म्हणजे काय? आंस? चाकें? धुरा? राजा प्रत्येकाला ‘नाहीं’ म्हणतो, आणि रथ हें केवळ एक व्यवहाराचें नांव ठरतें. भिक्षूला तेथें थांबतां येतें; न्यायाधीशाला येत नाहीं, कारण त्या नांवाची किंमत एक कोटी पौंड असते!

ऑटन यांनीं दोन शब्दांत भेद केला. ही गाडी ‘मूळ’ आहे काय? नाहीं. ती ‘अस्सल’ आहे काय? होय. नवे भाग एकदम येऊन जुनी गाडी हद्दपार झाली नव्हती. ते हळूहळू, धांवत्या आयुष्यांत, एकेक करून तिच्यांत मिसळले, आणि चार हंगामांची तिची परंपरा कोठेंहि तुटली नाहीं. शाळामास्तराला हें पटण्यास कठीण जात नाहीं. दर वर्षीं मुलें बदलतात, कालांतरानें शिक्षकहि बदलतात, इमारतहि नवी होते. तरी तीच शाळा म्हणून माजी विद्यार्थी अभिमानानें सांगतात. पण शाळा एक महिना बंद पाडून, शेजारच्या गांवीं तिच्या नांवाची पाटी लावली, तर कोणी मानणार नाहीं. बंद छपराच्या अवतारांत घालविलेलीं वर्षें या कसोटीवर थोडीं अवघड जातात, असें मला वाटतें. न्यायमूर्तींना तीं आड आलीं नाहींत. त्यांच्या मतें या नांवावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी एकहि बेंटले अस्तित्वांत नव्हती, नष्ट झालेल्यांतहि नव्हती. आणि विक्रीस काढलें होतें तें केवळ लोखंड नव्हे, तर त्याबरोबरचा इतिहास व कीर्तिहि. जुलै १९९० मध्यें निकाल विकणाऱ्याच्या बाजूनें लागला.