कुच्छिविकार आणि समूहोपचार

विनयपिटकाच्या महावग्गात कुच्छिविकाराने पीडित, एकाकी पडलेल्या भिक्खूची भगवान बुद्धांनी आनंदांसह स्वहस्ते शुश्रूषा केल्याचा प्रसंग येतो. तो आजार बहुधा अतिसाराचा. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ त्याहून निराळा. यात मुरडा येतो, शौचाचा क्रम बिघडतो, परंतु तपासणीत आतड्याला इजा आढळत नाही. म्हणून व्याधी काल्पनिक ठरत नाही. मेंदू व आतडे यांच्यातील मज्जासंबंध अतिसंवेदनशील झाला की भीतीने वेदना वाढते आणि वेदनेने भीती. तुडीलहून महाडपर्यंतच्या एस.टी. प्रवासाचीही अशा रुग्णाला धास्ती वाटू शकते.

मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये या व्याधीवर संमोहनोपचाराचा गुण दाखविला. पुढे १९८९ मध्ये समूहाला एकत्र दिलेले संमोहनही व्यक्तिगत उपचाराइतकेच उपयोगी ठरले. एक उपचारक अनेकांना पुरतो, ही गोष्ट खेड्यापाड्यांच्या दृष्टीने मोलाची. मग नुसती समदुःखितांची सोबत पुरे काय? उत्तर कॅरोलायनातील २०११ च्या अभ्यासात ७५ स्त्रियांपैकी काहींना आठ आठवडे सजगतेचे सामूहिक प्रशिक्षण मिळाले, इतरांना परस्परांशी बोलण्याचा आधारगट. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटाचा त्रास सुमारे ३८ टक्के, दुसऱ्याचा १२ टक्के घटला होता. वेदना जाणणे आणि वेदनेने घाबरणे यांतील भेद सरावानेच कळतो. सतिपट्ठानाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. मात्र विपश्यना शिबिर म्हणजे ही चिकित्सा नव्हे.

शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे वा पंडुरोग असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणीच करावी.