युनिटचा भाव आणि लाभांशाची गोष्ट



आज एका गुरुजींच्या हिशेबापासून सुरुवात करतो. गुरुजी माझ्या चांगल्या ओळखीचे. सारा जन्म मुलांना व्यवहारी अपूर्णांक आणि शेकडेवारी शिकवण्यात गेला. २०१७ साली निवृत्त झाले. हाती आलेल्या पैशांतले दोन लाख रुपये त्यांनी एका म्युच्युअल फंडाच्या योजनेत घातले. सांगणाऱ्याने सांगितले होते, "गुरुजी, पुढच्या महिन्यात तीस टक्के लाभांश आहे. आत्ताच घ्या." गुरुजींनी मनाशी हिशेब केला, दोन लाखांचे तीस टक्के म्हणजे साठ हजार! मुलीच्या लग्नाला तेवढाच हातभार.

युनिटचा भाव होता ४० रुपये. दोन लाखांत पाच हजार युनिटे आली. ठरल्या दिवशी लाभांशही आला, पण पंधरा हजार रुपयांचा. आणि त्याच दिवशी भाव ४० वरून ३७ वर उतरला. म्हणजे दोन लाखांचे राहिले एक लाख पंच्याऐंशी हजार. गुरुजी हबकले. मला म्हणाले, "अहो, दोन्हीकडून बुडालो की मी!"

आता गंमत अशी की गुरुजींचा एक पैसाही बुडालेला नव्हता. एक लाख पंच्याऐंशी हजार अधिक पंधरा हजार, दोन लाख पुरते होते. पण त्यांना मिळालेलाही काही नव्हता. त्यांच्याच डाव्या खिशातले पंधरा हजार उजव्या खिशात आले होते. हे असे का झाले, ते आज आपण नीट समजून घेऊ. कारण आता गावोगावच्या बँकेत, पोस्टाच्या ओट्यावर आणि शाळेच्या शिक्षकखोलीतही या फंडांची चर्चा चालते.

म्युच्युअल फंड म्हणजे काय? असे समजा, की गावातल्या चाळीस घरांनी मिळून एक सामाईक गोठा काढला. प्रत्येकाने दहा हजार रुपयांचा एक हिस्सा घेतला. चार लाख जमले, त्याच्या म्हशी घेतल्या. वर्षभराने हिशेबाची वही उघडली. म्हशी आणि वासरे मिळून आजच्या बाजारभावाने किंमत चार लाख साठ हजार. दुधाच्या पैशांतले गल्ल्यात शिल्लक चाळीस हजार. पेंडवाल्याचे देणे वीस हजार. तेव्हा गोठ्याची निव्वळ किंमत किती? पाच लाखांतून वीस हजार वजा, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. हिस्से चाळीस. एका हिश्श्याची किंमत बारा हजार रुपये.

बस्स, युनिटचा भाव म्हणतात तो हाच. फंडाजवळ म्हशींच्या जागी कंपन्यांचे शेअर असतात, सरकारचे आणि कंपन्यांचे कर्जरोखे असतात, थोडी रोकड असते. त्या साऱ्यांची आजच्या भावाने किंमत करायची, देणी आणि खर्च वजा करायचे, आणि जितकी युनिटे असतील तितक्याने भागायचे. याला 'निव्वळ मालमत्ता मूल्य' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी 'एन.ए.व्ही.' हा हिशेब बाजार चालू असेल त्या प्रत्येक दिवशी होतो आणि रात्री जाहीर होतो. फंडांच्या 'अँफी' या संघटनेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही फुकट पाहता येतो.

आता पुढचा प्रश्न. एक्केचाळिसावे घर गोठ्यात यायचे म्हणते. त्याच्याकडून किती घ्यायचे? कोणी म्हणेल, "आम्ही दहा हजार दिले, त्यानेही दहा हजारच द्यावेत." पण तसे केले तर एकूण किंमत होईल चार लाख नव्वद हजार, आणि एक्केचाळीस हिश्श्यांत ती वाटली तर प्रत्येकाचा हिस्सा सुमारे ११,९५१ रुपयांचा. म्हणजे नव्या माणसाला बसल्या जागी साडेएकोणीसशे रुपयांचा लाभ, आणि जुन्या प्रत्येक घराला एकोणपन्नास रुपयांची खोट. तेव्हा येणाऱ्याने आजच्या खऱ्या किमतीने यावे आणि जाणाऱ्याने आजच्या खऱ्या किमतीने जावे, हाच न्याय. भाव रोज ठरवण्याचे खरे कारण हे आहे. तो राहणाऱ्यांचे रक्षण करतो.

हा न्याय मोडला तर काय होते, याचा धडा आपल्या देशाने एकदा चांगलाच घेतला आहे. १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि १९६४ च्या जुलैत तिने दहा रुपये दर्शनी किमतीची युनिटे विकायला काढली. ही योजना 'यूएस-६४' या नावाने घरोघर पोचली. पेन्शनर, शिक्षक, विधवा बायका, कितीतरी जणांनी तीत पुंजी ठेवली. पण या योजनेच्या खरेदी-विक्रीचा भाव रोजच्या निव्वळ मूल्यावरून ठरत नसे. संस्था तो आपल्या निर्णयाने जाहीर करी. भाव संथपणे वर चढे, लाभांश वेळेवर येई, आणि आतल्या मालमत्तेची खरी किंमत काय आहे, हे सामान्य धारकाला कळत नसे. १९९८ पर्यंत आतली किंमत जाहीर भावाच्या खाली गेल्याचे उघड झाले.

पुन्हा गोठ्यात या. समजा, रोग आला आणि हिश्श्याची खरी किंमत आठ हजारांवर उतरली. एकूण तीन लाख वीस हजार. पण वहीत भाव अजून दहा हजारच लिहिलेला आहे. ज्यांना आतली खबर लागली अशी वीस घरे दहा-दहा हजार घेऊन निघून गेली. दोन लाख गेले, उरले एक लाख वीस हजार. मागे राहिलेल्या वीस घरांच्या वाट्याला किती? सहा-सहा हजार! जाणाऱ्याने जास्तीचे नेले, ते राहणाऱ्याच्या ताटातून नेले. २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या कंपन्यांनी यूएस-६४ मधून मोठाल्या रकमा काढल्या, आणि जुलैत संस्थेने युनिटांची विक्री व परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली. लहान धारक दाराबाहेर उभे राहिले. शेवटी त्यांना सावरण्यासाठी सरकारला तिजोरीत हात घालावा लागला. जानेवारी २००२ पासून त्या योजनेचाही भाव निव्वळ मूल्यावर आला, आणि २००३ मध्ये संस्थेचे दोन भाग करण्यात आले. तेव्हा रोज वरखाली होणारा भाव पाहून घाबरू नका. वरखाली होणारा खरा भाव हा स्थिर दिसणाऱ्या खोट्या भावापेक्षा बरा.

भावासंबंधी दोन-तीन बारीक गोष्टी सांगून टाकतो. शेअरांच्या योजनेत तुमचा अर्ज आणि तुमचे पैसे दोन्ही दुपारी तीनच्या आत पोचले, तर त्या दिवसाचा भाव लागतो. नाही तर पुढच्या कामाच्या दिवसाचा. पैसे देताना भाव ठाऊक नसतो, आणि ते मुद्दामच तसे ठेवले आहे. भाव पाहून मग उडी मारण्याची सवड कोणालाच मिळू नये म्हणून. आत येताना वेगळा आकार घेण्याची पद्धत 'सेबी'ने ऑगस्ट २००९ पासून बंद केली. बाहेर पडताना मात्र काही योजना आकार घेतात. एक टक्का आकार असेल तर ४० च्या भावाला हाती ३९ रुपये ६० पैसे येतील. आणि फंड चालवण्याचा खर्च? त्याचे बिल तुमच्या घरी येत नाही. तो रोज थोडा थोडा कापून मगच भाव जाहीर होतो. २०१३ च्या जानेवारीपासून प्रत्येक योजनेत थेट आणि नेहमीची असे दोन प्रकार आहेत. थेट प्रकारात मध्यस्थाचे कमिशन नसते, म्हणून खर्च कमी आणि भाव थोडा जास्त दिसतो. माल मात्र एकच.

यावरून एक मोठा गैरसमज दूर व्हावा. पुष्कळ जण म्हणतात, "दहा रुपयांचे युनिट स्वस्त, पन्नासाचे महाग." पाच हजार रुपयांत दहाच्या भावाने पाचशे युनिटे येतील, पन्नासच्या भावाने शंभर. दोन्ही योजनांतली मालमत्ता दहा टक्के वाढली तर दोन्हीकडे साडेपाच हजारच होणार. भाकरीचे चार तुकडे केले काय नि आठ केले काय, पीठ तेवढेच!

आता गुरुजींच्या तीस टक्क्यांकडे येऊ. हे तीस टक्के कशाचे? भावाचे नव्हे, गुंतवलेल्या रकमेचे तर नव्हेच. ते दर्शनी किमतीचे, म्हणजे दहा रुपयांचे. दहाचे तीस टक्के तीन रुपये. चाळीस रुपये मोजलेल्या माणसाच्या दृष्टीने ते झाले साडेसात टक्के. आणि हे तीन रुपये आले कोठून? युनिटच्या पोटातूनच. गोठ्याच्या गल्ल्यातले पैसे घरोघर वाटले की गोठ्याची किंमत तेवढी कमी होणारच. म्हणून चाळीसचे सदतीस झाले. वाटपाच्या आदल्या दिवशी युनिट घेणे म्हणजे स्वतःच दिलेल्या चाळिसातले तीन रुपये परत घेणे होय.

गैरसमज फार होतो, हे पाहून सेबीने एप्रिल २०२१ पासून 'लाभांश' हे नावच बदलायला लावले. आता त्या पर्यायाचे नाव 'उत्पन्नाचे वाटप व भांडवलाची उचल' अशा अर्थाचे आहे. कागदावर 'आयडीसीडब्ल्यू' ही अक्षरे दिसतील. नाव बोजड आहे, पण प्रामाणिक आहे. वाटपात तुमच्या मूळ भांडवलाचाही अंश असू शकतो, हे ते सांगते. शिवाय एप्रिल २०२० पासून अशा वाटपाची रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते आणि तुमच्या दराने तिच्यावर कर लागतो. म्हणजे भांडवलाची उचल झाली तरी कर आहेच! ज्यांना मधूनमधून पैसे नको आहेत त्यांच्यासाठी 'वाढ' हा पर्याय असतो. त्यात वाटप होत नाही. जे मिळते ते युनिटच्या भावातच राहते.

राहिला उतारा. शेतकऱ्याला हा शब्द सांगायला नको. एकरी उतारा, उसाचा साखर उतारा आपण रोज बोलतो. पैशाचा उतारा म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला पदरी पडते ते. पण येथेही एक मेख आहे. समजा, युनिट ५० रुपयांना घेतले. वर्षात चार रुपये वाटप मिळाले. उतारा आठ टक्के, छान! पण वर्षअखेर भाव ४७ झाला. चार आले, तीन गेले. खरी कमाई एक रुपया, म्हणजे दोन टक्के. म्हणून नुसते वाटप पाहू नका. वाटप आणि भावातला फरक दोन्ही मिळून जो आकडा येईल तोच खरा परतावा.

कर्जरोख्यांच्या योजनांच्या पत्रकात 'मुदतअखेरचा उतारा सात टक्के' असे लिहिलेले असते. ते फंडाने दिलेले वचन नव्हे. आज हातात असलेले रोखे मुदतीपर्यंत ठेवले आणि सर्व कर्जदारांनी पैसे वेळेवर फेडले, तर खर्चाआधी इतके पडेल, एवढाच त्याचा अर्थ. दरम्यान व्याजदर बदलले तर भाव हलतो. शंभर रुपयांचा, वर्षाला सात रुपये देणारा दहा वर्षांचा रोखा घ्या. उद्या नवे रोखे आठ रुपये देऊ लागले, तर तुमच्या जुन्या रोख्याला पुरे शंभर कोण देईल? त्याची किंमत सुमारे ९३ रुपये २९ पैशांवर उतरेल. तोच रोखा एका वर्षात फिटणारा असेल तर ९९ रुपये ७ पैसे. मुदत लांब तितका हेलकावा मोठा. व्याजदर उतरले की हेच गणित उलटे, आणि तुमच्या फायद्याचे.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. वरचे गोठ्याचे उदाहरण सातवी-आठवीच्या फळ्यावर मांडा. सरासरी, शेकडेवारी आणि न्याय हे तिन्ही धडे एका तासात होतील. आणि मुले घरी जाऊन बापाला विचारतील, "बाबा, तीस टक्के कशाचे?"

एवढा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झाले. कोणी टक्के सांगितले की विचारा, कशाचे टक्के? कोणी लाभांश सांगितला की विचारा, दिल्यानंतर भाव किती उरेल? कोणी उतारा सांगितला की विचारा, भाव घसरला तर? कणगीतले दाणे जात्यात घातले तर दोन दिवस भाकरी होते, यात शंका नाही. पण ते खायचे दाणे होते की बियाण्याचे, हे दळण्याआधी पाहिलेले बरे.

गुरुजींनी पुढे काय केले म्हणाल, तर त्यांनी घाबरून युनिटे विकली नाहीत. 'वाढ' पर्याय घेतला, आणि मुलीच्या लग्नाचे पैसे मात्र बँकेच्या ठेवीत वेगळे ठेवले. दोन वर्षांत लागणारा पैसा बाजाराच्या हेलकाव्यावर सोडायचा नसतो, हे त्यांचे त्यांनाच उमगले. आता कोणी टक्क्यांची गोष्ट घेऊन आला, की गुरुजी खिशातून खडूचा तुकडा काढतात आणि म्हणतात, "जरा मांडून दाखवा पाहू."