मिशनरी गेले, मंडळी वाढली

१९४९ साली क्रांती झाली तेव्हा चीनमध्ये प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जेमतेम दहा लाख होते, असा अंदाज आहे. दोन-चार वर्षांत परदेशी मिशनऱ्यांना गाशा गुंडाळावा लागला. १९६६च्या सांस्कृतिक क्रांतीत उरलीसुरली चर्चेसही बंद पडली. ती पुन्हा उघडू लागली १९७९पासून. आणि २०१८ साली चीन सरकारनंच प्रॉटेस्टंटांचा आकडा ३ कोटी ८० लाखांच्या पुढे सांगितला. उपदेशक हाकलले आणि माणसं वाढली, हे कसं?

हे समजायला मराठवाड्यातल्या जालन्यापर्यंत गेलं तरी भागतं. तिथे धागा सापडतो. एकोणिसाव्या शतकात जालना निजामाच्या राज्यात होतं. १८६०च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला आले. हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. दिवाण सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे आलेले बरेचसे लोक मांग समाजातले. एकट्यादुकट्यानं धर्म बदलला की सोयरीक तुटते, पोरीला स्थळ मिळत नाही, विहिरीवरची बोलाचालही थांबते. म्हणून निर्णय घ्यायचा तो भावकीनं मिळून. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत बातमी जायची ती पाव्हण्यारावळ्यांतूनच. शिकवणारा आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्यासारखं मुंडासं बांधणारा असला की अर्धी भीती तिथेच जाते. अहमदनगरकडे तर ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळ्यांनी येशूची कथा कीर्तनाच्या चौकटीत बसवली. दुष्काळात धान्यासाठी बाटले, असंही म्हटलं जातं. पोटाचा भाग त्यात होताच, पण दुष्काळ सरल्यावरही टिकून राहिलेल्यांचं उत्तर त्यात मिळत नाही.

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. हनान प्रांतातल्या खेड्यांत घरात कुणी आजारी पडलं की शेजारीण प्रार्थनेला येई. गुण आला असं वाटलं की सगळं घर तिच्या प्रार्थनेच्या मंडळीत बसू लागे. पाळक नाही, इमारत नाही. बायकाच वाचून दाखवत, बायकाच गाणी म्हणत. बंद पाडायला काही दिसतच नव्हतं. वेन्झाऊ शहरातले व्यापारी तर धंद्याला जातील तिथे मंडळी घेऊन गेले.

मराठवाड्यात मात्र हा प्रवाह जातीच्या बांधाशी अडला: ज्या सोयरिकीनं धर्म पसरवला, तिनंच तो एका समाजापुरता राखला. पुढे १९५०च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या. प्रार्थनेला बसणारे बरेच जण म्हणूनच कागदावर ख्रिस्ती नसतात. चीनमध्येही नोंदणी टाळणाऱ्या घरगुती मंडळ्या सरकारी आकड्यात पुरत्या येत नाहीत; त्या धरणारे अभ्यासक ३ कोटी ८० लाखांहून बरेच मोठे आकडे सांगतात.