बाहेर खाल्लं की त्रास होतो? ॲडिटिव्हचा शोध फोनवरून कसा घ्यायचा, आणि फोन कुठे कमी पडतो

आमच्या ओव्यात संध्याकाळी सात वाजले की रस्त्याच्या कडेला चायनीजच्या गाड्या, मोमो, रोल, शॉर्मा असं सगळं लागतं. खारघरच्या सेक्टरांमध्येही तेच चित्र. आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी मेसेज येतोच, "काल ट्रिपल शेजवान खाल्लं, सकाळपासून डोकं धरलंय. अजिनोमोटोच असणार." त्याखाली पाच-सहा अंगठे येतात आणि विषय संपतो.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेतून बघितलं तर हा असा बग रिपोर्ट आहे ज्यात लॉगच जोडलेला नाही. ट्रिपल शेजवानमध्ये तेल आहे, तिखट आहे, भरपूर मीठ आहे, सोया आहे, लाल रंग आहे, तीन-चार तयार सॉस आहेत, आणि ते खाल्लंय रात्री साडेअकराला. यातलं नक्की काय बाधलं हे एका प्लेटवरून कळत नाही. पण कळायला हवं. चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवलं तर ती टाळत बसतो आणि खरी गोष्ट पोटात जात राहते. दम्याच्या माणसाला ही चूक जिवाशी येऊ शकते.

आधी लेबलवरचे आकडे

पाकिटाच्या मागे 'आयएनएस' आणि पुढे तीन-चार आकडी नंबर असतो. ही 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची नंबर पद्धत. युरोपात तेच नंबर बहुतेक 'ई' लावून येतात. पहिल्या आकड्यावरून साधारण कुटुंब कळतं. १०० च्या घरात रंग, २०० मध्ये टिकवणारे पदार्थ, ३०० मध्ये अँटिऑक्सिडंट आणि आंबटपणा सांभाळणारे, ४०० मध्ये दाटपणा आणणारे, ६०० मध्ये चव वाढवणारे.

नंबर दिसला की विष, असं मात्र नाही. आयएनएस १०० म्हणजे कुरक्युमिन, आपल्या हळदीतला पिवळा रंग. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं ते. रील्सवर लाल गोल काढून "हे बघा केमिकल" म्हणणारे हे सांगत नाहीत.

ज्यांना बाहेर खाऊन त्रास होतो त्यांनी एवढे नंबर लक्षात ठेवले तरी पुष्कळ झालं. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, आपलं अजिनोमोटो. ६२७, ६३१, ६३५ हे त्याचेच जोडीदार, चव आणखी वाढवणारे. १०२ टार्ट्राझिन, पिवळा रंग. ११० सनसेट यलो, १२२ आणि १२४ लाल रंग. २११ सोडियम बेंझोएट. आणि २२० ते २२८, सल्फाइट. या शेवटच्या घराबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून त्याच्यावर जास्त लिहितो.

पण आधी अजिनोमोटोचं उरकू. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून ही चव वेगळी काढली. अजिनोमोटो हे कंपनीचं आणि ब्रँडचं नाव, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांचं पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं त्यांनी लिहिलं होतं आणि कारणांच्या अंदाजात इतर गोष्टींबरोबर या पावडरीचंही नाव होतं. तिथून गाडी सुटली ती आजवर थांबलेली नाही. पुढे चाचण्या झाल्या, ज्यात देणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दोघांनाही कशात काय आहे माहीत नसतं. काही जणांना उपाशीपोटी तीन ग्रॅम किंवा जास्त दिल्यावर डोकेदुखी, बधिरपणा असा थोडा वेळ त्रास दिसला. पण जेवणाबरोबर दिल्यावर तो पक्का दिसला नाही, आणि त्याच माणसाला पुन्हा दिल्यावर पुन्हा होईलच असंही नव्हतं. टोमॅटो आणि चीजमध्येही नैसर्गिक ग्लुटामेट असतंच.

म्हणजे तुम्हाला त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. त्रास खरा असू शकतो, आरोपी दुसरा असू शकतो.

सल्फाइट: नाव कमी ऐकलेलं, काम जास्त

सल्फाइट टाकलं की पदार्थ काळा पडत नाही आणि टिकतो. केशरी चकचकीत जर्दाळू, सोनेरी मनुका, बाटलीतलं सरबत किंवा स्क्वॉश, वाइन, काही सुकवलेले बटाट्याचे पदार्थ, आणि कोळंबी काळी पडू नये म्हणून तिच्यावर. दम्याच्या रुग्णांपैकी काहींना याने काही मिनिटांतच खोकला, छातीत घरघर, श्वास अडकणं असं होतं. आंबट पदार्थात सल्फाइट असलं की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि तो श्वासनलिकेला डिवचतो, असं मानलं जातं. अमेरिकेत सॅलड बारमधल्या कच्च्या भाज्या-फळांवर ते फवारत असत. लोकांना गंभीर झटके आल्यावर तिथल्या सरकारने १९८६ मध्ये त्यावर बंदी घातली.

आपल्याकडच्या लेबलवर बऱ्याचदा "क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह" एवढंच मोठ्या अक्षरात असतं आणि नंबर कंसात बारीक. क्लास वन म्हणजे मीठ, साखर, व्हिनेगर, तेल यांसारखे घरगुती. क्लास टू म्हणजे बेंझोएट, सल्फाइट वगैरे. कंसात २२३ किंवा २२४ दिसलं की दमावाल्यांनी ते बाजूला ठेवावं. एफएसएसएआयच्या नियमांत ॲलर्जीच्या पदार्थांची जी यादी आहे (ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन), त्यात किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर त्याचंही नाव आहे. ६२१ त्या यादीत नाही. गंमत बघा, ज्याच्या नावाने आपण ओरडतो ते यादीत नाही, आणि जे आहे ते आपल्याला माहीत नाही.

रंगांचं प्रकरण

२०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी गोबी मंचुरियनवर बंदी आणली. कारण कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. आपल्याकडे त्यावर मीम्स झाले. पण लगेच मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले आणि त्यातले १०७ असुरक्षित रंगांचे निघाले. ११ मार्चला त्यांनी राज्यभर गोबीत आणि कापूसमिठाईत कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. कापूसमिठाईत रोडामाइन-बी सापडलं होतं. हा कापड रंगवायचा रंग आहे, खायचा नाहीच.

भारतात परवानगी असलेले कृत्रिम खाद्यरंग मोजून आठ आहेत, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेत. गाडीवर डब्यातून चमच्याने टाकतात तेव्हा मर्यादा कोण मोजतं? टार्ट्राझिनने फार थोड्या लोकांना पित्त उठतं किंवा दमा वाढतो. लहान मुलांच्या चंचलपणाशी काही रंगांचा संबंध ब्रिटनमधल्या २००७ च्या अभ्यासात दिसला, आणि २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांवर इशारा छापावा लागतो. त्यात वरचे चारही आहेत.

लॉग ठेवा. खरंच ठेवा.

जेवायच्या आधी फोटो काढतोच ना आपण? तोच लॉग. फोटोत तारीख-वेळ आपोआप असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. गॅलरीत 'खाणं' नावाचा अल्बम करा. त्रास झाला की तेव्हाच एक नोट लिहा: किती वाजता, काय झालं, किती वेळ राहिलं. सोबत त्या दिवसाची झोप, घेतलेल्या गोळ्या (पेनकिलरनेही काहींना पित्त उठतं, दमा वाढतो), धूर, जागरण, दारू. आणि महत्त्वाचं म्हणजे त्रास न झालेल्या प्लेटचाही फोटो हवा. इथेच बहुतेक जण कंटाळा करतात, आणि मग डेटा एकतर्फी होतो.

माझ्या एका मित्राला दमा आहे. चायनीज त्याने बंदच केलं होतं. दीड महिना त्याने असे फोटो ठेवले आणि मग शीटमध्ये मांडले. घरघर झाली ते चार दिवस: दोनदा बाटलीतलं लिंबू सरबत, एकदा सुकामेव्याचं पाकीट, एकदा लग्नातली वाइन. गाडीवरचा फ्राइड राइस तीनदा खाल्ला होता, काही झालं नव्हतं. हा पुरावा नाही, संशय आहे. पण तो शीट घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा बोलणं "बाहेरचं खाऊ नका" इथून सुरू झालं नाही, थेट सल्फाइटवर आलं.

पुढची पायरी म्हणजे एक-एक गोष्ट बंद करून पुन्हा चालू करून बघणं. कोडमध्ये आपण हेच करतो. शरीराच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या सांगण्यानेच करा. ज्याला कधी श्वास लागलाय, ओठ किंवा घसा सुजलाय, त्याने घरी असला प्रयोग अजिबात करायचा नाही.

गाडीवर काय विचारायचं

"अजिनोमोटो आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, "नाही भाऊ, आपण टाकतच नाही." तो खोटं बोलतोय असंही नाही. तो वरून टाकत नसेल, पण सोया सॉस, शेजवान चटणी, सूपची पावडर यांत आधीच असू शकतं. म्हणून प्रश्न बदला. "दादा, सॉसची बाटली जरा दाखवता का?" गर्दी नसताना विचारलं तर बहुतेक जण दाखवतात. मग लेबलचा फोटो घ्या, गूगल लेन्सने अक्षरं उचला आणि नंबर बघा. बारकोड असेल तर 'ओपन फूड फॅक्ट्स' हे मोफत ॲप स्कॅन करून ॲडिटिव्हची यादी देतं. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये सुरू झालेला हा लोकांनीच भरलेला डेटाबेस आहे, त्यामुळे आपल्याकडची सगळी उत्पादनं सापडत नाहीत. नसेल तर तुम्हीच फोटो टाकून भरू शकता.

लेन्सवर डोळे झाकून विसंबू नका. चुरगळलेल्या, चमकणाऱ्या पाकिटावर १०२ चं १२० होतं, ६२१ चं ६२७ वाचलं जातं. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी एकदा ताडून बघा. आणि घाऊक मोठ्या कॅनवर घटकांची पूर्ण यादी असेलच असं नाही. तिथे सरळ दुसरं काहीतरी मागवा.

एआय चॅटबॉटला "अमुक हॉटेलच्या मंचुरियनमध्ये काय काय असतं" असं विचारणारेही भेटतात. त्याला त्या कढईत डोकावता येत नाही. तो साधारण रेसिपी सांगणार, आणि तीही अशा आत्मविश्वासाने की तुम्हाला खरी वाटेल. लेबलचा फोटो देऊन नंबरांचे अर्थ विचारा, तिथपर्यंत ठीक.

आपल्या भागातल्या हॉटेलांच्या किचनमध्ये मराठी येणारा माणूस असेलच असं नाही. ट्रान्सलेट ॲपमध्ये हिंदी आणि नेपाळीत एक वाक्य आधीच सेव्ह करून ठेवा: "मला सल्फाइटने श्वास लागतो. कोळंबी आणि बाटलीतलं सरबत यात नको." लांबलचक लिहू नका, कोणी वाचत नाही. ऑर्डर ॲपच्या सूचनेच्या चौकटीतही तेवढंच. मात्र ती सूचना किचनपर्यंत पोचली याची खात्री ॲप देत नाही. त्रास गंभीर असेल तर हॉटेलला फोन करा, नाहीतर ती डिश सोडा.

मोठ्या साखळ्यांचं सोपं आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना १ जुलै २०२२ पासून मेन्यूवर कॅलरी द्याव्या लागतात आणि ॲलर्जीची माहितीही. ऑनलाइन ऑर्डर ॲपवरही ती दिसायला हवी. तुमच्या नेहमीच्या तीन-चार साखळ्यांच्या त्या पानांचे स्क्रीनशॉट अल्बममध्ये टाकून ठेवा. एकच हॉटेल असलेल्यांना हा नियम लागू नाही, म्हणजे आपली गाडी, आपला ढाबा सगळे बाहेर.

लॉक स्क्रीनवर पाच मिनिटं घाला

अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' आणि त्यात मेडिकल माहिती (नाव फोनप्रमाणे थोडं बदलतं). आयफोनवर हेल्थ ॲपमधलं 'मेडिकल आयडी', आणि लॉक असतानाही दिसेल हा पर्याय चालू. त्यात दमा, ॲलर्जी, चालू औषधं, घरच्यांचा नंबर. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा फोन अनलॉक न करता हे दिसतं. दमा असेल तर इन्हेलर खिशात हवा, बाइकच्या डिकीत नाही. श्वास अडकतोय, ओठ-जीभ सुजतेय, चक्कर येतेय असं झालं तर गूगल करत बसू नका, १०८ लावा.

आणि बिल टाकून देऊ नका. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर लागतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर हा नंबर टाकून खरा आहे का बघता येतं आणि तिथेच तक्रारही करता येते, किंवा १८००११२१०० वर फोन. मात्र परवानगी असलेला पदार्थ तुम्हाला बाधला, ही तक्रार होत नाही. बोटांना दोन दिवस लागून राहणारा लाल रंग, ही होते. फोटो, वेळ आणि बिल तुमच्याकडे आधीच आहेत.