पायी चालणाऱ्याचा रस्ता आणि अभियंत्याचे शिक्षण

फूटपाथची रुंदी हा विषय आपल्या त्रैमासिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. माझे उत्तर सरळ आहे. रस्त्याने कोणी चालावे आणि कसे चालावे, हा प्रश्न या देशात कधीच नुसत्या बांधकामाचा नव्हता. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये नमूद केले आहे. त्रावणकोर संस्थानात वैकम येथे देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे यासाठी १९२४-२५ मध्ये सत्याग्रह करावा लागला. आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द आहे. तो उगाच आलेला नाही.

माझी आई एका नगरपालिकेत झाडूवाली होती. पहाटे चारला वस्तीतून निघून हजेरीच्या जागेपर्यंत ती पायी जाई. रस्ता झाडणाऱ्या बाईला त्या रस्त्याच्या कडेला चालायला हातभर जागा नव्हती. पुढे मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकलो. वळणाची त्रिज्या, चढाचे प्रमाण, डांबराच्या थराची जाडी सारे शिकलो. चार वर्षांत माझी आई त्या अभ्यासक्रमात मला एकदाही भेटली नाही.

ती का भेटली नाही, हे समजण्यासाठी रस्ता मोजण्याची रीत पाहू. रस्त्यावरची प्रत्येक वस्तू मोटारीच्या मापात मोजतात. मोटार म्हणजे एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत बस किंवा ट्रक म्हणजे २.२ ते ३.७ मोटारी, हातगाडी म्हणजे २ ते ३ मोटारी. बसमध्ये पन्नास माणसे असोत की पाच, माप तेच. हातगाडी ओढणाऱ्याचे श्रम इथे केवळ अडथळा म्हणून मोजले जातात. आणि पायी चालणारा? त्या तक्त्यात त्याला ओळच नाही. ज्याची मोजणी नाही त्याला जागा कुठून मिळणार? सरकारी आकड्यांनुसार २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. आराखड्यात न मोजलेली माणसे अशी शेवटी मृतांच्या यादीत मोजली जातात.

आता मी स्वतः नगरपालिकांच्या अभियंत्यांचे प्रशिक्षणवर्ग घेतो. पहिल्या दिवशी वर्गात बसवत नाही. हातात टेप देऊन चालायला लावतो. एकाच्या डोक्यावर ओझे, एकाला चाकाची खुर्ची. इंडियन रोड्स काँग्रेसच्याच २०१२ च्या नियमाप्रमाणे फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. विजेचा खांब, डीपी, झाडाचा कठडा वगळून मोजा म्हटले की टेप बोलू लागते. मग चौकात नेतो. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. पण म्हातारी बाई सेकंदाला ०.८ मीटर चालते. तिला १५ लागतात. उरलेले पाच सेकंद ती वाहनांच्या तोंडी असते. हे गणित अवघड नाही. ते कोणासाठी करायचे, एवढेच शिकवावे लागते.

एका वर्गात एक अभियंता म्हणाला, “सर, फूटपाथ केला की त्यावर फेरीवाले बसतात, लोक झोपतात. मग करायचा कशाला?” हा प्रश्न मी टाळत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा हक्क २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात धरला. त्याच न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्कही त्याच कलमात धरला होता. उठवण्यास मात्र मोकळीक ठेवली होती. एका गरिबाच्या चालण्याच्या नावाने दुसऱ्या गरिबाची टोपली उचलण्याचा धोका इथेच आहे. म्हणून आराखड्यातच तीन पट्टे आखायला शिकवतो: इमारतीला लागून एक, मधला फक्त चालण्याचा, आणि कडेचा खांब, झाडे, बाक व विक्रेत्यांचा. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना विक्रीची जागा नेमून देणे बंधनकारक आहे. जागा अपुरी पडली तर ती मोटारी उभ्या करण्याच्या पट्ट्यातून घ्यावी, झोपडीतून नव्हे.

प्रशिक्षणाने सर्व होईल असा माझा भ्रम नाही. अभियंता परत जातो. टेबलावर जुनाच अंदाजपत्रकाचा नमुना असतो आणि वरचा साहेब रस्तारुंदी मागतो. शिकलेल्या अभियंत्याला बाहेरून मागणीचा रेटा लागतो. तो रेटा कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी द्यायचा आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आहे. आपल्या गावाचे कुठे आहे, हे विचारा. माहितीच्या अधिकारात रस्त्याचा आराखडा मागा. वस्तीपासून शाळेपर्यंत, हजेरीच्या जागेपर्यंत टेप घेऊन चाला आणि १.८ मीटर कुठे तुटतात ते लिहून काढा.

रस्त्याने चालण्याचा हक्क आपल्या माणसांनी लढून कागदावर आणला. आता तो जमिनीवर मोजून घ्यायचा आहे.